सुखदुःखाची एकच पोथी : स्तोत्रसंहिता

घरात मंगलकार्य निघाले की माणूस पहिले निमंत्रण देवाला देतो आणि घरावर संकट कोसळले की त्याच देवाला जाब विचारतो. या दोन प्रसंगांतला देव एकच असेल, तर संकटाच्या वेळी तो नेमका कोठे असतो, हा प्रश्न कोणत्याही एका धर्माचा नाही. श्रद्धा बाळगणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी पडतोच. यहुदी आणि ख्रिस्ती परंपरेने या प्रश्नाशी सर्वांत दीर्घकाळ आणि सर्वांत मोकळेपणाने झुंज घेतली ती बायबलमधील ‘स्तोत्रसंहिता’ या ग्रंथात. या ग्रंथात सिद्धांत मांडलेले नाहीत, प्रमेये सोडवलेली नाहीत. त्यात आहेत १५० गीते. काही आनंदाने उचंबळणारी, काही रडवेली, काही चक्क रागावलेली. दोन हजारांहून अधिक वर्षे ती मंदिरांत, सिनेगॉगांत, मठांत, चर्चमध्ये, आजाऱ्याच्या उशाशी आणि तुरुंगाच्या कोठडीत म्हटली जात आहेत.

पाच भागांचा संग्रह

या ग्रंथाचे हिब्रू नाव ‘तेहिल्लीम’, म्हणजे स्तुतिगीते. त्यातील गीते एका काळात वा एका हाताने लिहिलेली नाहीत. ती अनेक शतकांत रचली गेली आणि पुढे पाच भागांत गुंफली गेली. पहिला भाग ४१व्या स्तोत्रापाशी संपतो, दुसरा ७२व्या, तिसरा ८९व्या, चौथा १०६व्या आणि पाचवा अर्थातच शेवटच्या, १५०व्या स्तोत्रापाशी. मोशेच्या नियमशास्त्राच्या पाच ग्रंथांचे प्रतिबिंब म्हणून ही पाच भागांची रचना झाली असावी, असे परंपरा मानते.

१५० पैकी ७३ स्तोत्रांच्या शीर्षकात दावीद राजाचे नाव येते. आसाफ या मंदिरातील गायकाच्या नावावर १२ स्तोत्रे आहेत. कोरहाचे पुत्र या गायकघराण्याच्या नावानेही काही आहेत, शलमोनाच्या नावावर दोन, तर ९०वे स्तोत्र मोशेचे म्हणून ओळखले जाते. मात्र ‘दाविदाचे’ असा अर्थ देणाऱ्या मूळ हिब्रू शब्दप्रयोगातून ‘दाविदाने रचलेले’, ‘दाविदासाठी’ आणि ‘दाविदाविषयी’ असे निरनिराळे अर्थ निघू शकतात. त्यामुळे शीर्षकावरून कर्तृत्व ठरवताना अभ्यासक सावध असतात.

आकाराच्या दृष्टीनेही या गीतांत मोठे वैविध्य आहे. ११७वे स्तोत्र अवघ्या दोन वचनांचे, तर ११९वे तब्बल १७६ वचनांचे. हिब्रू वर्णमालेत २२ अक्षरे आहेत आणि या स्तोत्रात प्रत्येक अक्षरापासून सुरू होणारी आठ-आठ वचने क्रमाने येतात. १३६व्या स्तोत्रात प्रत्येक वचनाअंती एकच पालुपद येते, तेही २६ वेळा. ते समूहाने म्हणण्यासाठी रचलेले आहे, हे यावरून सहज लक्षात येते. १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रे ‘आरोहणाची गीते’ म्हणून ओळखली जातात. यरुशलेमच्या यात्रेला डोंगर चढून जाणारे यात्रेकरू ती म्हणत असावेत, असा समज आहे.

या काव्यात यमकाला महत्त्व नाही. एक विचार मांडायचा आणि पुढच्या चरणात तोच वेगळ्या शब्दांत पुन्हा म्हणायचा, किंवा त्याच्या उलट बाजूने मांडायचा, अशी त्याची घडण आहे. रॉबर्ट लोथ या इंग्लिश विद्वानाने १७५३ साली प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांत या समांतर रचनेचे विवेचन केले. शब्दांचा नाद भाषांतरात हरवतो, पण विचारांची ही जोडी हरवत नाही. ही गीते जगभरच्या भाषांत रुजली, याचे एक कारण त्यांच्या या घडणीत आहे.

सुखाच्या दिवसांतला धोका

सुखाच्या दिवसांत देव सापडणे सोपे असते, असा सर्वसाधारण समज आहे. स्तोत्रकर्त्यांचा अनुभव याहून वेगळा दिसतो. ३०व्या स्तोत्रातील गायक प्रांजळपणे कबूल करतो, की भरभराटीच्या काळात आपण कधीही ढळणार नाही अशी त्याची खात्री झाली होती. देवाने मुख फिरवले तेव्हा तो घाबरला आणि आपले स्थैर्य आपले नव्हते, हे त्याच्या ध्यानात आले. सुखाचा धोका हा, की त्यात देव दिसेनासा होतो आणि माणसाला ते उमगतही नाही.

म्हणूनच स्तुतिस्तोत्रांत आठवणीवर भर आहे. १०३व्या स्तोत्रात गायक दुसऱ्या कोणाला उपदेश करीत नाही. तो स्वतःच्याच जिवाला बजावतो, की मिळालेले उपकार विसरू नकोस. मग एकेक उपकार मोजत जातो. क्षमा, आरोग्य, सुटका, दया. १०४वे स्तोत्र तर सृष्टीचे एक विशाल चित्र आहे. झऱ्यावर पाणी पिणारी रानगाढवे, फांद्यांवर गाणारे पक्षी, रात्री शिकारीला निघणारे सिंह आणि सकाळी कामाला निघालेला माणूस, असे सारे त्यात एका पंक्तीला बसलेले आहेत. इजिप्तमधील अखेनातन राजाच्या काळातील सूर्यस्तोत्राशी या गीताचे साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. सृष्टी पाहून थक्क होण्याची भावना सीमा ओळखत नाही, हेच त्यातून दिसते.

आठव्या स्तोत्रात रात्रीचे आकाश पाहणाऱ्या माणसाला आपल्या क्षुद्रतेची जाणीव होते आणि त्याच क्षणी, एवढ्या विश्वाचा धनी आपली आठवण ठेवतो, याचे नवलही वाटते. जुलै १९६९ मध्ये चंद्रावरून परतताना बझ ऑल्ड्रिन यांनी अंतराळयानातील दूरचित्रवाणी प्रक्षेपणात याच स्तोत्रातील वचने म्हटली होती. मानवाच्या सर्वांत मोठ्या यशाच्या घटकेला आठवावे असे गीत माणसाच्या लहानपणाविषयी आहे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

तक्रार हीही प्रार्थनाच

ग्रंथाचे नाव ‘स्तुतिगीते’ असले, तरी त्यातील सर्वांत मोठा गट स्तुतीचा नसून विलापाचा आहे. एक तृतीयांशाहून अधिक स्तोत्रे या प्रकारात मोडतात. जर्मन अभ्यासक हेर्मान गुंकेल (१८६२–१९३२) यांनी स्तोत्रांचे प्रकारांनुसार वर्गीकरण केले. त्यानंतर या विलापगीतांचा साचा स्पष्ट होत गेला. आधी देवाला हाक, मग तक्रार, मग मागणे, त्यानंतर विश्वासाची कबुली आणि शेवटी स्तुतीचे वचन, असा हा क्रम साधारणपणे असतो.

१३वे स्तोत्र हे त्याचे छोटेखानी उदाहरण. त्याच्या पहिल्या दोन वचनांतच, हे सारे अजून किती काळ चालायचे, हा प्रश्न चार वेळा येतो. देव आपल्याला विसरला आहे, त्याने तोंड लपवले आहे, असा आरोप गायक थेट देवावरच करतो. अवघ्या सहा वचनांच्या या गीताच्या अखेरीस मात्र तो गाऊ लागतो. मधल्या काळात परिस्थिती बदलल्याचा उल्लेख नाही. मग सूर बदलला कसा? मंदिरातील याजक या टप्प्यावर आश्वासनाचे शब्द उच्चारत असावा, असा तर्क काही विद्वानांनी केला आहे. साधे स्पष्टीकरण असेही देता येते, की मनातले सारे देवापुढे ओतल्यावरच विश्वासाला जागा मोकळी होते.

४२व्या आणि ४३व्या स्तोत्रांत एक खिन्न माणूस स्वतःच्याच मनाशी बोलतो. तू इतका का खचला आहेस, असे तो मनाला विचारतो आणि देवाची वाट पाहायला सांगतो. हे पालुपद तीन वेळा येते. एकदा म्हणून भागत नाही, धीर पुन्हा पुन्हा द्यावा लागतो, हे गीतकाराला ठाऊक आहे.

प्रत्येक विलापाचा शेवट गोड होतो असेही नाही. ८८वे स्तोत्र अंधारातच संपते. त्यात ना आश्वासन आहे, ना स्तुतीचे वचन. आप्तस्वकीय दूर गेले आहेत आणि सोबतीला काळोख तेवढा उरला आहे, या जाणिवेवर ते थांबते. संग्रह सिद्ध करणाऱ्यांनी हे गीत गाळले नाही, त्याला सुखद शेवटही जोडला नाही. ज्या माणसाचे दुःख अद्याप संपलेले नाही, त्यालाही या पोथीत जागा आहे. शिवाय तो अंधारात बोलतो आहे, तेही देवाशीच. पाठ फिरवलेल्या देवालाही त्याने ‘तू’ म्हणणे सोडलेले नाही.

‘तो’ आणि ‘तू’

सर्वांत परिचित असलेल्या २३व्या स्तोत्रात ही बाब अधिक नेमकेपणाने दिसते. आरंभी गायक देवाविषयी बोलतो. तो मेंढपाळ आहे, तो हिरव्या कुरणात नेतो, तो पाण्याजवळ विसावा देतो. हे सारे तृतीय पुरुषात आहे. वाट गर्द काळोखाच्या दरीत शिरते आणि भाषा बदलते. तेथे ‘तो’ जाऊन ‘तू’ येतो. कुरणात असताना ज्याच्याविषयी बोलले जात होते, दरीत त्याच्याशी बोलणे सुरू होते. दरी टळलेली नाही आणि शत्रूही नाहीसे झालेले नाहीत. पुढच्याच वचनात मेजवानी मांडली जाते ती शत्रूंच्या देखत. बदलले आहे ते अंतर.

७३व्या स्तोत्राचा प्रश्न शहरी वाचकाला आजच्या वर्तमानपत्रातला वाटावा असा आहे. दुर्जनांची भरभराट होते, त्यांची प्रकृती उत्तम असते, त्यांची मिजास कमी होत नाही, मग सचोटीने वागून मिळवले काय? या विचाराने आपला पाय घसरण्याच्या बेतात होता, असे आसाफाच्या नावावरील हे गीत सांगते. गायक मंदिरात जातो, तेव्हा दुर्जनांची वाट निसरडी आहे, हे त्याला दिसते. पण गीताचा खरा विसावा तेथे नाही. शरीर आणि मन खचले तरी देवाचे सान्निध्य हेच आपले वतन आहे, या निष्कर्षावर तो येतो. मिळकतीची तुलना करीत निघालेला माणूस सोबतीच्या मोलापाशी येऊन थांबतो.

अमेरिकन अभ्यासक वॉल्टर ब्रुगेमान (१९३३–२०२५) यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात स्तोत्रांची मांडणी तीन अवस्थांत केली. जग सुरळीत चालले असतानाची गीते, घडी विस्कटल्यावरची गीते आणि अनपेक्षितपणे नवी घडी बसल्यानंतरची गीते. तिसरी अवस्था म्हणजे पहिलीकडे परतणे नव्हे. दुःखातून गेलेला माणूस पुन्हा पूर्वीसारखा निश्चिंत होत नाही. त्याचा विश्वास आता अधिक जाणता झालेला असतो.

मंदिर जळाल्यावर देव कोठे?

हा प्रश्न व्यक्तीपुरता नव्हता. इ. स. पू. ५८६च्या सुमारास बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाच्या सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केले, मंदिर जाळले आणि अनेकांना बंदिवान करून नेले. ज्या वास्तूत देवाचे वास्तव्य मानले जात होते ती राख झाल्यावर देवाला भेटायचे कोठे? ७४वे स्तोत्र कुऱ्हाडींनी फोडलेल्या मंदिराचे वर्णन करून देवालाच जागे होण्याची विनवणी करते. ८९वे स्तोत्र, दाविदाच्या घराण्याला दिलेल्या वचनाचे काय झाले, असे विचारते.

१३७व्या स्तोत्रात बाबेलच्या नद्यांकाठी बसलेले निर्वासित दिसतात. ज्यांनी घर उद्ध्वस्त केले तेच करमणुकीसाठी मायदेशीचे गाणे मागत आहेत, ही त्यातील वेदना आहे. या स्तोत्राचा शेवट सूडाच्या इतक्या भयंकर इच्छेने होतो, की अनेक उपासनाग्रंथांत तो वगळला जातो. १०९वे स्तोत्रही शापवाणीने भरलेले आहे. ही वचने आदर्श म्हणून वाचायची नसतात. छळ सोसलेल्या माणसाच्या मनात काय उसळते, याचा तो कबुलीजबाब आहे. सूडाची ती इच्छा देवाच्या हवाली केली जाते. हातात शस्त्र घेतले जात नाही. हा फरक ध्यानात ठेवला, तर ही स्तोत्रे निदान समजू शकतात.

आणि याच संग्रहात १३९वे स्तोत्र आहे. आकाशात चढले, अधोलोकात अंथरूण घातले, पहाटेच्या पंखांवर बसून समुद्रापलीकडे गेले, तरी देवाच्या नजरेबाहेरची जागा सापडत नाही, असे ते म्हणते. अंधारही त्याला अंधार नाही. मंदिराच्या भिंतींत न मावणाऱ्या देवाची ही जाणीव निर्वासितांच्या पिढ्यांना किती मोलाची वाटली असेल, याची कल्पना करता येते.

कोठडीतली सोबत

पुढच्या काळात ही गीते कोणी, कोठे म्हटली, हाही त्यांच्या अर्थाचाच भाग झाला आहे. मत्तय आणि मार्क यांच्या शुभवर्तमानांनुसार येशूने क्रूसावर, देवाने आपला त्याग का केला, असा जो आक्रोश केला, तो २२व्या स्तोत्राचा आरंभ आहे. इ. स. ४३० मध्ये हिप्पो नगराला वेढा पडलेला असताना मरणशय्येवरील संत ऑगस्टीन यांनी पश्चात्तापाची स्तोत्रे लिहवून भिंतीवर लावून घेतली होती, असे त्यांचे चरित्रकार पॉसिडियस सांगतात. संत बेनेडिक्ट यांच्या मठनियमात आठवडाभरात सर्व १५० स्तोत्रे म्हणण्याचा दंडक आहे. ज्याला आज आनंद आहे त्यालाही विलाप म्हणावा लागतो आणि जो दुःखात आहे त्यालाही स्तुती. आपल्या मनःस्थितीपलीकडे जाऊन इतरांच्या सुखदुःखात सहभागी होण्याचा तो अभ्यास आहे.

जर्मन धर्मज्ञ डिट्रिश बोनहोफर यांनी १९४० साली स्तोत्रसंहितेवर एक छोटे पुस्तक लिहिले. पुढच्या वर्षी नाझी राजवटीने त्यांच्यावर प्रकाशनबंदी घातली. एप्रिल १९४३ मध्ये अटक झाल्यावर बर्लिनच्या टेगेल तुरुंगात ते रोज स्तोत्रे वाचत. ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फाशी देण्यात आली.

सोव्हिएत संघातील यहुदी कार्यकर्ते नातान शारान्स्की यांना १९७७ मध्ये अटक झाली. पत्नीने दिलेली स्तोत्रांची एक इवलीशी हिब्रू पुस्तिका हा त्यांचा मोठा आधार होता. तुरुंगात ती काढून घेतली जाई आणि परत मिळवण्यासाठी त्यांना झगडावे लागे. फेब्रुवारी १९८६ मध्ये त्यांची सुटका होत असताना ती पुन्हा काढून घेण्यात आली. तेव्हा ते बर्फात आडवे झाले आणि पुस्तिका हाती पडेपर्यंत त्यांनी हलण्यास नकार दिला. पुस्तिका घेऊनच ते बर्लिनचा ग्लिनिके पूल ओलांडून मुक्त झाले. त्यांच्या आत्मकथनाचे नावही २३व्या स्तोत्रातून आले आहे.

मराठीतील स्तोत्रे

महाराष्ट्रालाही ही गीते परकी नाहीत. कोकणात स्थिरावलेल्या मराठीभाषक बेने इस्रायल समाजाच्या उपासनेत ती हिब्रूतून म्हटली जातात. मुंबईत या समाजाचे पहिले सिनेगॉग १७९६ साली उभे राहिले. कीर्तनाची मराठी परंपराही या समाजाने आपलीशी केली आणि बायबलमधील कथा मराठी कीर्तनांतून रंगवल्या. वसईच्या चर्चमधील मराठी उपासनेत पहिल्या वाचनानंतर स्तोत्र गायले जाते आणि प्रत्येक कडव्यानंतर भाविक पालुपदाने साथ देतात. अभंग आणि भजन यांच्या घाटात ख्रिस्ती भक्ती गाणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) आपल्या आध्यात्मिक प्रवासाचे ऋण तुकारामांकडे मानत. देवाशी भांडणारे आणि भांडता भांडता त्यालाच बिलगणारे तुकोबा ज्यांच्या कानात आहेत, त्या मराठी वाचकाला स्तोत्रकर्त्याचा रुसवा ओळखीचा वाटावा, यात नवल नाही. ‘सुबोध बायबल’मधून हे वाङ्मय आजच्या मराठीत आणणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर स्तोत्रांच्या आशयाशीच जोडलेले आहे. आईवडील, बहीण, भाऊ आणि पती यांचे मृत्यू त्यांनी ऐन तारुण्यात पाहिले. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. सामान्य स्त्रियांना ते समजावे, हा त्यामागचा हेतू होता. जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा गेली. तरीही काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, ते भाषांतराची मुद्रिते तपासण्याचे काम हातावेगळे करूनच.

पोथीचा क्रम

पहिल्या स्तोत्रात पाण्याच्या प्रवाहाकाठी लावलेले झाड आहे. नीतिमान माणूस तसा बहरतो, अशी ग्वाही तेथे मिळते. पण तिसऱ्याच स्तोत्राच्या शीर्षकात दावीद स्वतःचा पुत्र अबशालोम याच्यापासून जीव वाचवत पळतो आहे. ग्वाही आणि वास्तव यांच्यातील हे अंतर या पोथीने दडवलेले नाही. तेथून पुढे शेकडो वचनांत हाका, अश्रू, संताप, कबुली आणि कृतज्ञता येते. तक्रारी आरंभीच्या भागांत दाट आहेत आणि शेवटाकडे स्तुतीचा सूर वाढत जातो. अखेरची पाच स्तोत्रे हालेलुयाने सुरू होतात आणि हालेलुयानेच संपतात. १५०व्या स्तोत्रात कर्णा, वीणा, डफ, बासरी, झांजा अशी सारी वाद्ये एकत्र येतात आणि श्वास घेणाऱ्या प्रत्येक जिवाला स्तुतीत सामील होण्याचे आवाहन होते.

पण त्या वाद्यमेळापर्यंत पोचायचे, तर वाट ८८व्या स्तोत्राच्या अंधारातून जाते. दुःखी माणसाला घाईने आनंदी व्हायला सांगण्याची सवय समाजाला फार असते. स्तोत्रसंहिता तशी घाई करीत नाही. रडणाऱ्याला ती रडू देते, विचारणाऱ्याला विचारू देते आणि सुखात असलेल्याला आठवण देते. सुखात उपकाराचे आणि दुःखात तक्रारीचे शब्द ज्याच्यापाशी न्यावेत असा कोणीतरी ऐकतो आहे, एवढा एकच विश्वास ती शेवटपर्यंत सोडत नाही.